धुरपताबाईची बिनमसाल्याची भिंत

मोहबोडीच्या शंकरपटात श्रावण मिस्त्रीचं धोतर भिंतीखाली कसं गेलं, हे ज्याला विचाराल तो वेगळं सांगेल. खुद्द श्रावण तर म्हणतो, त्या दिवशी मी धोतर नेसलोच नव्हतो. हे म्हणजे आणखीच वाईट. पण धोतर ही या गोष्टीची शेपटी झाली. तिचं डोकं म्हणजे धुरपताबाई, आणि त्या डोक्याला अख्खा चामोर्शीचा बाजार वचकून होता.

धुरपताबाई विटा थापायची. अंगानं बुटकी, रुंद, कोपरापर्यंत कायम माती. 'जयभीम' असा ठणकावून म्हणायची की समोरचा घाईत असला तरी थांबून उत्तर द्यायचा. गावाच्या खालच्या अंगाला बोडीच्या, म्हणजे आमच्याकडच्या लहान तळ्याच्या, पाळीवर तिची भट्टी. सोबत नवरा लहानू. लहानूचा डावा पाय आखूड होता आणि चालताना तो दर पावलाला जमिनीला नमस्कार केल्यासारखा वाकायचा. लोक म्हणत, बायकोसमोर वाकून वाकून तशी सवयच लागली. लहानूलाही ही थट्टा आवडे, कारण खरं कारण सांगायला त्याला आवडत नसे.

खरं कारण एकोणसत्तर सालचं. त्या उन्हाळ्यात दोघं सिरोंच्याकडे एका भट्टीवर कामाला गेले होते. राहायला विटा आणि चिखलाची खोली. दिवेलागण होऊन गेली होती, जेवणं चालली होती. शेजारची तेलुगू बाई एकाएकी 'भूमि कदिलिंदि! भूमि कदिलिंदि!' म्हणून ओरडत बाहेर पळाली. धुरपतेला वाटलं, हिच्या आमटीत पाल पडली. इतक्यात तांब्यातलं पाणी आपोआप ताटात आलं, आणि बाईच्या ओरडण्याचा अर्थ कळला. धरणी हलत होती. धुरपता दारातून बाहेर उडाली. लहानू शेवटचा घास घेत होता. मागची भिंत तडकली, आणि विटा सुट्या न होता, दार पडावं तशी अख्खी एका अंगानं त्याच्या पायावर आली.

लोकांनी त्याला ओढून काढलं. तो विव्हळत होता, आणि धुरपता? ती कंदील धरून विकायच्या विटांच्या थप्पीकडे पाहत उभी होती. माणूसभर उंच थप्पी. ना चिखल, ना गारा, विटेवर वीट नुसती ठेवलेली. वरच्या दहा-बारा घरंगळल्या होत्या. बाकीच्या हलल्या, खडखडल्या, वाकड्यातिकड्या झाल्या आणि थांबल्या.

"चिकटलेलं होतं ते पडलं," ती म्हणाली. "सुटं होतं ते राह्यलं."

"नवरा मरून राह्यला न हे विटा पाहून राह्यली!" लहानूनं हे वाक्य पुढं चौदा वर्षं दर भांडणात वापरलं. धुरपतेनं दर वेळी तेच उत्तर दिलं, "मेले तर नाई ना."

पाय गेल्यावर लहानू ओझी वाहीना. तो बंड्या दुरुस्त करायला लागला. बैलाच्या बंडीला आमच्या झाडीत कोणी खिळ्यांनी शहाणं करत नाही. लाकडाची खुंटी लाकडाच्या खाचेत बसते, आणि बंडी दिवसभर कुरकुर करत दगडधोंड्यांतून जाते. कुरकुरते म्हणूनच मोडत नाही, असं लहानूचं मत. हे मत बायकांनाही लागू आहे असं तो म्हणे, पण धुरपता जवळ नसताना.

त्या खुंट्या-खाचा पाहून धुरपतेच्या डोक्यात किडा शिरला. तिनं लहानूकडून सागाचा एक साचा करून घेतला. त्या साच्यातली वीट अशी की वरच्या अंगाला दोन गोटे, खालच्या अंगाला दोन वाट्या, आणि मधोमध आरपार भोक. गोटा वाटीत बसला की वीट विटेला धरते. भोक कशाला? तर जाड वीट पोटातून कच्ची राहते म्हणून आत जाळ शिरायला. भोकाचं एवढंच काम, असं तिला वाटत होतं. पुढं त्या भोकानंच तिची लाज राखली.

सोपं नव्हतं ते. वीट भट्टीत आकसते, आणि प्रत्येक आपल्या मर्जीनं आकसते. हिचा गोटा मोठा, तिची वाटी लहान. धुरपता दुपारभर पाळीवर बसून विटा जोडून पाही. बसली तर बाजूला, नाही बसली तर दगडावर घास, पुन्हा बसव. गावात झालंच मग, धुरपता विटांची लग्नं जुळवते! येता-जाता बाया विचारत, "काऊन वं, आज किती जुळले?" ती म्हणे, "तुह्या पोरीपेक्षा लवकर जुळले." विचारणारी पुन्हा विचारत नसे.

आता ब्याऐंशी साली गडचिरोली नवा जिल्हा झाला. हापिसांच्या पाट्यांचा रंग वाळायच्या आत मोहबोडीला बालवाडीची एक खोली मंजूर झाली. तोवर सुगंधाबाई वीस पोरं घेऊन मोहाच्या झाडाखाली बसायची, आणि मोह गळायला लागला की पोरं पाटीवर कमी आणि झाडावर जास्त असायची. सिमेंटला तेव्हा परमिट लागे. परमिटचं सिमेंट आलं ते नेमकं पुढच्या वर्षी, भर पावसाळ्यात. सरपंच सोमाजींनी पोती गोठ्यात रचली. दिवाळीपर्यंत पोत्यांचे धोंडे झाले, आणि सोमाजींच्या म्हशी त्यांना अंग घासू लागल्या. त्यापेक्षा महाग खरारा साऱ्या जिल्ह्यात कोणत्या म्हशीला मिळाला नसेल.

"दुसरं परमिट कधी येईन, देव जाने," सोमाजी म्हणाले. "धुरपते, तुह्या त्या गोटेवाल्या विटा हायेत ना?"

हाच तो दिवस, ज्याची ती चौदा वर्षं वाट पाहत होती. बारा दिवसांत तिनं आणि लहानूनं चारी भिंती छपराच्या उंचीला नेल्या. ओळंबा लावला तर दोरी सुतभरही हलेना. पोरं बिनछपराच्या खोलीत जाऊन बसायलाही लागली. सुगंधाबाईनं एका भिंतीला फळा टेकवला.

आणि इथं श्रावण मिस्त्रीचा प्रवेश होतो. श्रावण हा गावचा एकुलता एक मिस्त्री. मिशीला तेल, कमरेला ओळंबा. बालवाडीचं काम त्याचं, असं त्यानं सासुरवाडीपर्यंत सांगून ठेवलं होतं. विटा थापणाऱ्या बाईनं ते नेलं म्हणजे काय? तो सायकलवर टांग टाकून 'बाजाराले जातो' म्हणून गेला. बाजाराचा वार नव्हता, हे सगळ्यांच्या लक्षात आलं. चौथ्या दिवशी ओव्हरसिअर गुणवंतराव राजदूत फटफटीवर गावात आले.

गुणवंतराव तिशीच्या आतले, नागपूरकडचे, पायात घोळदार पँट. माणूस वाईट नव्हता. शिकलेला होता एवढंच. ते भिंतीभोवती फिरले, नखानं सांधा खरवडला, तर नख आरपार.

"ही कोणी बांधली?"

"मी," धुरपता म्हणाली.

"मसाला कुठाय?" सिमेंट-रेतीच्या कालवणाला मिस्त्री लोक मसाला म्हणतात.

"मसाला वांग्यात टाकला."

"बाई, थट्टा नको. मसाल्याशिवाय वीट विटेला धरणार कशी?"

धुरपतेनं त्यांना पायापासून कमरेपर्यंत पाहिलं. "साहेब, तुमच्या पँटीले का सिमेंट लावलं हाय?"

"काय?"

"बटन हाय, काज हाय, म्हनून उभी हाय ना ते? का घरून सिमेंटाचा पाटा मारून येता?"

गुणवंतरावांनी नको तिथं खाली पाहिलं. सुगंधाबाईनं पदराचा बोळा तोंडात घातला. वीस पोरं मात्र मनमोकळी हसली. साहेबांचे कान लाल झाले, आणि लाल कानांचा साहेब फार कडक असतो.

"उद्या धरणीकंप झाला तर या सगळ्या विटा पोरांच्या डोक्यावर सुट्या येतील. कळतं का?"

"धरणी हालली एकोणसत्तरले, तवा तुमी कुठी होते?"

"मी... शाळेत होतो."

"मी तिथी होतो." आमच्याकडच्या बाया 'होतो'च म्हणतात, आणि धुरपतेच्या तोंडी ते शोभतही होतं. "चिकटवलेली भिंत या मानसाच्या पायावर पडली. पाहा, पाय पाहा त्याचा. न सुटी थप्पी उभी राह्यली."

लहानूनं आखूड पाय पुढं केला, तपासणीला द्यावा तसा.

"थप्पी रुंद असते, म्हणून उभी राहिली," गुणवंतराव म्हणाले. खरं म्हणजे बरोबर बोलले ते. "भिंतीचं तसं नसतं."

"मंग माही भिंत का पापड हाय? हालवून पाहा."

"धरणी काय तुमच्या हुकमानं हलते?"

इथं लहानू बोलला. तो क्वचित बोले, आणि बोलला की घरात आठवडाभर पुरे. "धरणी नाई हालत साहेब. बंडी हालते."

सगळे त्याच्याकडे वळले.

"दोन बंड्या घ्या," लहानू म्हणाला. "एकीवर श्रावनची भिंत, मसाल्याची. एकीवर हिची. शंकरपटाच्या दिवशी धानाच्या बांध्यांतून पळवा. सात धुरे हायेत पटाच्या मैदानाले लागून. धुऱ्यावरून बंडी उडते तशी धरनीबी उडत नाई."

धुरा म्हणजे धानाच्या बांधीचा, शेताच्या एका तुकड्याचा, उंच बांध; आणि शंकरपट म्हणजे बैलजोड्यांची शर्यत. पाच कोसांवरून माणूस लोटतं. श्रावणची मिशी आधीच वर गेली होती. "मी तयार! साहेब, मले दोन पोते सिमेंट द्या न एकवीस दिवस पानी मारू द्या. रेल्वेखाली टाका माही भिंत."

गुणवंतरावांना हा पोरखेळ वाटला. पण 'नाही' म्हटलं असतं तर बटणाची गोष्ट तालुकाभर नुसतीच गेली असती, निकालाशिवाय. त्यांनी चुन्याचा बोळा मागवला आणि बालवाडीच्या भिंतीवर हातभर फुली मारली. "ठीक आहे. पण शंकरपटाच्या रविवारी तुमची पडली तर सोमवारी ही भिंत पाडायची, आणि श्रावण पुन्हा बांधेल."

"पाडाले मानसं नोका आनू," धुरपता म्हणाली. "मीच उतरवीन एक एक वीट. न साचा बोडीत टाकीन. मंग कोनी मले विटा थापताना पाह्यलं तर सांगजा."

लहानूनं तिच्याकडे पाहिलं. साचा त्यानं केला होता, सागाचा, चौदा वर्षांत तीनदा डागडुजी केलेला.

झालं, गावात दोन तट पडले. श्रावणनं बंडीच्या फळ्यांवर कमरेएवढी भिंत बांधली, सुरेख, विटांमधल्या दर्जा अशा भरलेल्या की बोट फिरवावं. रोज सकाळ-संध्याकाळ तो तिच्यावर पाणी मारी. त्याची बायको म्हणे, म्हशीलाही एवढं धुतलं नाही कधी. धुरपतेनं मात्र तीन आठवडे बंडीला हातच लावला नाही. तिची भिंत दोन तासांत उभी राहणारी. शंकरपटाला पाच दिवस उरले तेव्हा तिनं ती रचली, आणि लहानूला म्हणाली, "चला, एक चक्कर मारून पाहू."

पहिला धुरा बरा गेला. दुसरा, तिसरा. भिंत खडखडली आणि जागेवर बसली. चौथ्या धुऱ्यावर बैल उधळले, बंडी हातभर उडाली, आणि भिंतीचे वरचे दोन थर बेडकांसारखे टुणकन उडून बांधीत पडले. त्यांच्या मागं तिसरा. वरून कोणी दाबणारच नव्हतं. गोट्याला वाटीतून उडी मारायला काय लागतं?

धुरपता पडलेल्या विटांकडे पाहत राहिली. पळसाच्या आडून खोकल्याचा आवाज आला. श्रावण. संध्याकाळपर्यंत गावाला कळलं की धुरपतेच्या विटांचे काडीमोड झाले.

दोन दिवस तिचं तोंड बंद होतं. लहानू घाबरला, बायको बोलत नाही म्हणजे नक्की काय करावं याचा त्याला सरावच नव्हता. "जाऊ दे ना धुरपते," तो एकदा म्हणाला. "साहेबाले सांगून देऊ, बैल बिमार हाय."

"बैलाले खोटं पाडता?" ती फिस्कारली. लहानूला बरं वाटलं. तोंड सुरू झालं होतं.

तिसऱ्या दिवशी पोचूदादा आला. पोचू पल्याडच्या गोंडपाड्यातला म्हातारा, बांबूचं काम करणारा. टोपल्या विकून परत चालला होता, तो बंडीजवळ थांबला. भिंतीला बोटानं ढकलून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि दात नसलेल्या तोंडानं खूप हसला.

"हासता कायले, दादा?"

"बाई, तुही भिंत मस्त नाचते. पर हिले डोक्स नाई न पायबी नाई." त्यानं आपल्या पाड्याकडे हात केला. "आमचं लोन, घर, पाह्यलं? कुडाचा बांबू खाली मातीत गेला रायते, न वर आडव्या लाकडाले बांधला रायते. हवा आली, घर डोलते. पडन कसं? डोक्स धरून ठेवलं हाय."

मग त्यानं वाकून सगळ्यात वरच्या विटेतल्या भोकाला डोळा लावला. गोटे वाटीत बसले होते म्हणून वरपासून खालपर्यंत सगळी भोकं एका रांगेत आली होती. बंडीच्या फळ्यांच्या फटीतून खालची जमीन त्याला दिसली.

"इथून तं साप जाईन," पोचू म्हणाला. "मंग बांबू काऊन नाई जानार?"

धुरपतेनं कपाळावर हात मारला. मातीचा पंजा उमटला. चौदा वर्षं ती त्या भोकातून जाळ घालत होती.

मग काय, उरलेले दोन दिवस त्यांनी बोलण्यात घालवले नाहीत. पोचूनं अंगठ्याएवढे हिरवे बांबू तासले. भोकांतून ते खाली घातले, फळ्यांच्या फटीतून काढून बंडीखाली आवळले. वर सागाची एक लांब पाटी ठेवून तिला बांबूंची टोकं वाखाच्या दोरीनं बांधली. बंडीचं झाल्यावर धुरपता आणि पोचू बालवाडीवर चढले आणि तिथंही तसंच केलं, बांबू मोगरीनं ठोकून पायाच्या मुरमात उतरवले. सुगंधाबाई म्हणाली, "अवो बाई, फुली मारलेली हाय, सोमवारी पाडनार हायेत, न तुमी तिले दागिने घालून राह्यल्या?"

"पाडनाऱ्याले जड जाऊ दे," धुरपता म्हणाली.

रविवारी शंकरपट भरला. भजी, जिलबी, फुगे. रात्रीच्या नाटकाचा मांडव. बैलांच्या शिंगांना बेगड. शर्यती संपल्या तरी माणूस हलेना, कारण भोंग्यावरून सोमाजींनी सांगितलं होतं, "आता भिंतीचा पट होईल." असा पट ना कोणी पाहिला होता ना कोणी ऐकला होता. गुणवंतराव नवीकोरी पँट घालून आले होते. बायांनी आधी बटणंच पाहिली.

दोन बंड्या शेजारी उभ्या राहिल्या. श्रावणची हाकायला त्याचा मेव्हणा. स्वतः श्रावण बंडीच्या बाजूनं चालणार, ओळंबा हातात घेऊन, नवं पांढरं धोतर नेसून, नवरदेवासारखा. धुरपतेची हाकायला लहानू. धुरपता दोन्ही बंड्यांच्या मधून.

"धुरपताबाई," श्रावण म्हणाला, "टोपली आनली का? विटा येचाले?"

"आनली. पर तुह्या विटा माह्या टोपलीत मावतीन का, सांगता येत नाई."

बैल सुटले. पहिला धुरा. श्रावणची भिंत ढिम्म. धुरपतेची खड्‌खड् वाजली, थंडीत म्हाताऱ्याचे दात वाजावेत तशी. लोक खो-खो हसले. दुसरा, तिसरा. श्रावणची ढिम्म, धुरपतेची खड्‌खड्. "बाई, भिंत हाय का खुळखुळा?" कोणी ओरडलं. गुणवंतराव हातावरचं घड्याळ पाहत होते. चौथा धुरा, जिथं मागं घात झाला होता. बंडी उडाली. वरच्या थरानं उडी मारायचं मनात आणलं, सागाच्या पाटीला डोकं आपटलं आणि निमूट खाली बसला. लहानू बैलांवरून ओरडला, "बसला गा, बसला!" पण टाळ्या श्रावणलाच पडल्या. त्याची भिंत अजून जशीच्या तशी होती. त्यानं मिशीला पीळ दिला आणि लोकांकडे तोंड करून उलट्या पावलांनी चालू लागला.

धुरपता लोकांकडे पाहत नव्हती. आपल्या भिंतीकडेही नाही. पाचव्या धुऱ्यानंतर तिला श्रावणच्या भिंतीत, खालून दुसऱ्या सांध्यात, एक केस दिसला. काळा, बारीक केस. तो दोन विटा आडवा गेला, मग पायरीसारखा वर चढला. असा केस तिनं एकदाच पाहिला होता, कंदिलाच्या उजेडात.

"श्रावन, बाजूले हो."

"काऊन? पोटात दुखून राह्यलं?"

"मुडद्या, हो म्हनलं ना बाजूले!"

सहाव्या धुऱ्यावर चाक चढलं आणि आदळलं. श्रावणची भिंत खडखडली नाही, डोललीही नाही. केसापासून वरची तेवढी अख्खी, एका तुकड्यात, दार पडावं तशी त्याच्या अंगावर निघाली. धुरपतेनं त्याच्या दंडाला धरून जो हिसका दिला, तो वीस वर्षं माती तुडवलेल्या बाईचा हिसका होता. श्रावण आला. धोतर आलं नाही. त्याचा सोगा धुऱ्याच्या आणि भिंतीच्या मध्ये चेपला गेला होता. पाच कोसांच्या लोकांनी पट्ट्यापट्ट्यांची चड्डी पाहिली. तो बांधीतच बसला, दोन्ही हातांनी डोकं धरून, आणि म्हणाला, "मेलो का मी?"

"नाई," धुरपता म्हणाली. "पर जिता हायेस हे कोनाले सांगू नोको, असा दिसून राह्यला."

लहानूनं मागं पाहिलंच नाही. त्यानं सातवा धुराही पार केला आणि बंडी थेट गुणवंतरावांसमोर नेऊन उभी केली. भिंत खडखडत थांबली. एका कोपऱ्याची वीट फुटली होती. थर बोटबोट सरकले होते. पोचूनं खांदा लावला, लहानूनं दुसऱ्या अंगानं, आणि तिला पुन्हा सरळ केलं, झोपलेल्या माणसाला कुशीवर वळवावं तसं. आधी पोरं ओरडली. बालवाडीची वीस पोरं.

सोमवारी पाडायला कोणी आलं नाही. गुणवंतराव एकटेच आले, फटफटी गावाबाहेर बंद करून, हातात ओलं फडकं. धुरपता बालवाडीच्या दारातच बसली होती, मांडीवर साचा घेऊन.

"फुली पुसून टाकतो," ते म्हणाले.

"नोका पुसू."

"अहो, का?"

"राहू द्या. पोरायले दिसू द्या, कोनती भिंत पाडाची होती ते. आधी ढकलून पाहा."

त्यांनी तळहातानं ढकललं. मग खांद्यानं. भिंत खड् करून वाजली, साहेब हातभर मागं उडाले, आणि भिंत पुन्हा जागेवर.

"भेऊ नोका. बोलते फक्त. माह्यासारखीच हाय."

गुणवंतराव मुरमावर बसले आणि पिशवीतून छापील कागद काढला. त्यात एक रकाना होता: मसाल्याचे प्रमाण. एकास चार, एकास सहा, काहीतरी लिहायचं. त्यांनी पेनाचं टोपण काढलं. "इथं काय लिहू?"

"नाई म्हनून लिवा. खोटं कायले लिवता?"

त्यांनी लिहिलं: निरंक. खाली शेरा लिहिला: भिंत हलते, पडत नाही. सही केली, तारीख घातली, आणि एक वीट मागून घेतली. पुढं ती त्यांच्या टेबलावर कागद दाबायला होती म्हणतात, आणि कोणी विचारलं की साहेब आधी पँटीचं बटण चाचपत आणि मग गोष्ट सांगत. श्रावणनं उन्हाळ्यात स्वतःच्या स्वयंपाकघराची एक भिंत पाडली आणि गोटेवाल्या विटा मागायला बायकोला पाठवलं. स्वतः आला नाही. विटा मिळाल्या, सोबत धुरपतेनं धोतराचं काय विचारलं, तेवढं बायकोनं त्याला सांगितलं नाही म्हणे.

कागद मात्र मोठ्या हापिसातून तीनदा परत आला. दोनदा गुणवंतरावांनी तेच लिहून पाठवला. तिसऱ्या वेळी वर लाल शाईत विचारणा होती: 'मसाल्याशिवाय बांधकाम उभे असल्याची खात्री कोणी केली? खुलासा करावा.' गुणवंतराव कागद घेऊन मोहबोडीला आले. तोवर छप्पर चढलं होतं. आत पोरं पाढे ओरडत होती, आणि फुलीच्या खाली कोणीतरी कोळशानं मिशीवाला माणूस काढला होता.

धुरपता कोपरापर्यंत मातीत होती. लाल शाई तिनं गुणवंतरावांकडून वाचून घेतली.

"लिवा," ती म्हणाली. "मोठ्या साहेबाले म्हनावं, तुमी या. सातबी धुरे जागेवर हायेत. लहानू बंडी जुपूनच ठेवते."